द्राक्ष व्यापाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा? बागायतदार सारखं विचारतात ते प्रश्न

मण्यात पाणी उतरलं, म्हणजे द्राक्ष पिकायला लागली, की आमच्याकडे फोन सुरू होतात. निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर, गाव कुठलंही असो, प्रश्न तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी वकील नाही, बागवाला आहे, स्वतः एकदा बुडालोय आणि त्यानंतर कागदपत्रं वाचायला शिकलोय. तुमच्या प्रकरणात कोर्टात जायची वेळ आलीच तर वकील गाठा.

१. व्यापारी विश्वासाचा आहे की नाही हे ओळखायचं कसं?

माणूस बघून ओळखता येत नाही हे आधी मान्य करा. गाडी, बोलणं, बांधावर बसून पिठलं-भाकरी खाणं, कशानेच कळत नाही, बुडवणारा तर जास्तच गोड बोलतो. मी प्रश्न उलटा विचारतो: आजच्या घडीला माझा किती रुपयांचा माल पैसे न मिळता ह्या माणसाकडे गेलेला असेल? तो आकडा उद्या शून्य झाला तर माझं पीककर्ज, औषधवाल्याची उधारी, मजुरी हे सगळं निघतं का? निघत असेल तर तेवढा विश्वास ठेवा, नसेल तर माणूस देव असला तरी नको.

ह्याच्या जोडीला तीन गोष्टी तपासायच्या. मागच्या सीझनला कोणाचा माल घेतला त्यांची नावं मागा आणि त्यातल्या दोघांना तरी स्वतः फोन करा. तो फोन लावून देतो त्याच्याशी बोलून उपयोग नाही, तो त्याचाच माणूस असू शकतो. पैसे मिळाले का हे विचारू नका, कधी मिळाले ते विचारा. दुसरं, त्याचा राहता पत्ता. हंगामापुरतं भाड्याने घेतलेलं शेड हा पत्ता नाही, एप्रिलमध्ये तिथे कुलूप असतं. तिसरं, माल पुढे कुठे जातो, कोणत्या मार्केटला, कोणत्या आडत्याकडे. खरा व्यापारी हे सांगताना अडखळत नाही.

२. द्राक्षातच एवढी फसवणूक का? कांदा मार्केटला तर असं होत नाही.

होतं, पण कमी, आणि त्याला कारण आहे. कांदा बाजार समितीच्या आवारात लिलावाने विकला जातो, व्यापाऱ्याकडे समितीचं लायसन असतं आणि पैसे त्याच दिवशी, फार तर २४ तासात द्यायचा नियम आहे. द्राक्ष बांधावर विकलं जातं. शिवार सौदा. त्यात २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनातून मोकळा केला, त्यामुळे बांधावर घेणाऱ्यावर समितीचा धाक राहिला नाही. मोकळीक चांगलीच आहे, मी तिच्या विरोधात नाही, पण समिती जी चौकशी आपल्यासाठी करायची ती आता आपल्यालाच करायची आहे, हे आपण मनावर घेतलेलं नाही.

दुसरं म्हणजे द्राक्ष थांबत नाही. साखर भरली, वर ढग आले, की क्रॅकिंगच्या (मणी तडकायच्या) भीतीने आपण कोणालाही माल द्यायला तयार होतो आणि व्यापाऱ्याला हे पक्कं माहिती असतं. बेदाण्याचं थोडं वेगळं, तो कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो, तासगाव-सांगलीला सौद्यात (लिलावात) विकता येतो, म्हणून तिथे शेतकऱ्याला श्वास घ्यायला जागा असते.

३. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे जागेवर रोख दिले. आता तिसरी उधारीवर द्यायला काय हरकत?

हीच तर जुनी पद्धत आहे भाऊ. पहिल्या गाडीला रोख, दुसरीला रोख आणि वर चार रुपये जास्त, गावभर नाव होतं, मग एका आठवड्यात पंधरा बागांचा माल एकदम उचलायचा, सगळ्यांना शुक्रवारचा वायदा द्यायचा आणि गुरुवारी फोन बंद. माझं असंच झालं होतं. मी दोन गाड्यांचा हिशोब बघितला, तेव्हाच शेजारच्या सात बागांतून त्याने किती माल उचललाय ते बघितलं नाही, विचारलं असतं तर एका चहात कळलं असतं.

म्हणून आधी दिलेल्या पैशावर जाऊ नका, न दिलेल्या पैशाची बेरीज करा, आणि फक्त तुमची नाही, अख्ख्या शिवाराची. आम्ही आता गावात साधी वही ठेवलीय, कोणी किती गाड्या दिल्या आणि किती येणं बाकी. व्यापाऱ्याची एकूण उधारी एकदम फुगली की पुढचा खुडा (काढणी) थांबतो. चांगल्या व्यापाऱ्यांना ह्याचा राग येत नाही, एकाने तर स्वतःच आकडे सांगायला सुरुवात केली.

आणखी एक, रेट. सगळे किलोला ३५ म्हणताना एखादा ४२ देतो म्हणाला की आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा यायला पाहिजे. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत त्याला ४२ काय आणि ५० काय.

४. व्यापारी म्हणतो जीएसटी नंबर नाही. मग खोटाच ना?

नाही, इथे बरेच जण चुकतात. ताज्या द्राक्षावर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त मालाचा धंदा करणाऱ्याला नंबर घ्यायची सक्ती नाही, त्यामुळे नंबर नसणं हा गुन्हा पण नाही आणि पुरावा पण नाही. पण नंबर दिलाच तर तपासा. पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. जीएसटीच्या साइटवर टाकला की नाव, पत्ता, चालू आहे की रद्द आणि रिटर्न भरतो का, हे फुकटात दिसतं. नाव एकाचं आणि चेक दुसऱ्याचा असेल तर तिथेच थांबा.

त्यापेक्षा अन्नसुरक्षेचं लायसन किंवा रजिस्ट्रेशन विचारा, खाण्याच्या मालाचा धंदा करणाऱ्याला ते लागतंच. आणि पॅन-आधारचा फोटो त्याच्यासमोर काढा, व्हॉट्सअॅपवर आलेला नको.

५. मधला एजंट आमच्या गावचाच आहे. तो म्हणतो "मी आहे ना". पुरे का?

तोंडी "मी आहे ना" ला कोर्टात काही किंमत उरत नाही, नंतर तो म्हणतो मी फक्त ओळख करून दिली. त्याला लिहून द्यायला सांगा: अमुक व्यापाऱ्याने अमुक तारखेपर्यंत पैसे दिले नाहीत तर मी देईन, आणि खाली सही. ह्याला जामीनकी म्हणतात, आणि करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याएवढीच असते, वेगळं काही ठरलं नसेल तर त्याच्याकडे थेट मागता येतं.

बहुतेक एजंट सही करत नाहीत. तेही उत्तरच आहे. ज्याला किलोमागे कमिशन मिळतं आणि बुडलं तर काहीच जात नाही, त्याने आणलेल्या माणसाची चौकशी आपणच करायची (प्रश्न १).

६. सौदा चिठ्ठीवर काय काय लिहायचं?

साधा कागद चालतो, वहीचं पान चालतं, फक्त दोघांच्या सह्या हव्यात. तारीख, गट नंबर, जात (थॉमसन, सोनाका, शरद जी असेल ती), रेट, अंदाजे किती माल, खुडा कधी सुरू आणि कधी संपणार, वजन कोणाच्या काट्यावर, सूट किती, मणीगळ आणि खराब माल कोणाच्या अंगावर, इसार किती दिला आणि पैसे कोणत्या तारखेला. ही शेवटची ओळ लोक विसरतात. "माल विकल्यावर" असं लिहू देऊ नका, कॅलेंडरवरची तारीख लिहा.

काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का बघा, नाहीतर शंभर क्रेटमध्ये दोन-तीन क्रेट असेच हवेत जातात. प्रत्येक गाडीला वजनाची वेगळी चिठ्ठी, त्यावर गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल. भरलेल्या गाडीचा नंबरप्लेटसकट फोटो. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं उडवू नका, फोन बदलला तर जुना जपून ठेवा, कोर्टात ते पुरावा म्हणून चालतं पण त्यासोबत ठराविक प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील करून देतो.

७. चेक घेतला म्हणजे सेफ ना?

चेक म्हणजे पैसे नाहीत, भांडायचं हत्यार आहे, आणि त्याला तारखा आहेत. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत बँकेत टाकायचा. वटला नाही तर बँकेची स्लिप मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस त्याला मिळाल्यावर १५ दिवस त्याचे. तरी नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात केस. ह्यातली एक तारीख हुकली की कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस अडचणीत येते, आणि व्यापारी नेमकं हेच करतो, "दादा दोन आठवडे थांबा, परत टाका" असं करत करत मुदत घालवतो. थांबायचं असेल तर थांबा पण नोटीस पाठवून थांबा.

दिलासा एवढाच की केस आपलं खातं ज्या शाखेत आहे त्या भागातल्या कोर्टात चालते, त्याच्या मागे कोलकात्याला जावं लागत नाही. खातं बंद केलं, स्टॉप पेमेंट केलं, तरी तो सुटत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि केस चालू असताना २० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी द्यायला कोर्ट सांगू शकतं.

चेक घेताना नाव, सही, खातं कोणाचं हे चिठ्ठीशी जुळवा. शेडमधल्या पोराच्या खात्याचा चेक देणारे भेटलेत. ऑनलाइन पैसे पाठवले म्हणून स्क्रीनशॉट दाखवणारे तर रोज भेटतात, तो फोटो बघायचाच नाही, खात्यात जमा झालं की मग गाडी हलवायची. आणि "आज रविवार आहे, बँक बंद" हे ऐकून घेऊ नका, डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालू असतं.

८. मग रोखच घेतलेलं बरं नाही का?

छोट्या रकमेला बरंच. पण एका व्यवहारात २ लाख किंवा त्याच्यावर रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही आणि त्यात घेणारा अडकतो, म्हणजे आपण.

९. व्यापारी पळाला. पोलीस म्हणतात ही दिवाणी बाब आहे. आता?

त्यांचं अर्धं बरोबर असतं. पैसे नुसते थकले तर तो दिवाणी वाद. घेतानाच द्यायचे नव्हते असं दिसलं तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (१ जुलै २०२४ च्या आधीचा व्यवहार असेल तर जुनं ४२०). म्हणून तक्रार लिहिताना "पैसे दिले नाहीत" एवढंच लिहू नका. खोटा पत्ता दिला, बंद खात्याचा चेक दिला, एकाच आठवड्यात एवढ्या जणांचा माल उचलला, ठरल्या दिवशी फोन बंद, हे लिहा. आणि एकेकटे जाऊ नका, दहा बारा जणांनी एकत्र जा, कारण दहा जणांना एकाच पद्धतीने फसवलं की तो "धंद्यात तोटा झाला" म्हणू शकत नाही.

ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मनावर घेतलं तर पोलीस काय करू शकतात हे नाशिककरांनी २०२० मध्ये बघितलंय, तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली आणि बऱ्याच जणांचे अडकलेले पैसे परत आले. पण अधिकारी बदलतात, त्यांच्या भरवशावर सौदे करू नका.

दिवाणी दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं. मुदत संपायच्या आत त्याने "एवढे देणं आहे" असं सही करून लिहून दिलं तर तिथून नवी ३ वर्षं मोजतात, म्हणून पैसे नाही तर निदान ते तरी लिहून घ्या.

१०. एक्सपोर्टर म्हणतो युरोपात क्लेम लागला, किलोमागे २० रुपये कापणार. खरं कसं कळणार?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, कारण क्लेम (माल खराब उतरला म्हणून तिकडच्या आयातदाराने कापलेले पैसे) खरा पण असतो. महिनाभर बोटीवर गेलेला माल देठ सुकून, मणी मऊ होऊन उतरू शकतो. २०२४ च्या सीझनला लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी आफ्रिकेला वळसा घालून गेल्या, बरेच दिवस जास्त लागले, त्यात खरोखर नुकसान झालं. आणि २०१० आठवतंय ना, क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखायचं रसायन) सापडलं म्हणून इथे तपासणीचा रिपोर्ट पास होऊन गेलेले कंटेनर युरोपात अडकले. तेव्हा एक्सपोर्टर पण मेले आणि शेतकरी पण, कोणी कोणाला फसवलं नव्हतं.

तरी विचारायचा हक्क आहे. कंटेनर नंबर मागा, शिपिंग लाइनच्या साइटवर टाकला की कधी निघाला कधी पोचला दिसतं. उतरल्यावरचा सर्व्हेअरचा रिपोर्ट मागा, फोटोसकट, आणि त्यात तुमच्याच मालाचा उल्लेख आहे का बघा. ग्रेपनेटमध्ये (निर्यातीच्या बागांची ऑनलाइन नोंदणी) प्रत्येक प्लॉटला नंबर असतो आणि माल त्या नंबरवरून मागे बागेपर्यंत शोधता येतो, तेव्हा "सगळा माल एकत्र होता, कळत नाही" हे कारण चालत नाही. तिकडच्या आयातदाराने पाठवलेला अकाउंट सेल, म्हणजे विक्रीचा हिशोब, मागा. जो दाखवतो त्याच्याशी बोलून मधला आकडा निघतो. जो "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणतो, त्याला नम्रपणे सांगा की कागद बघितल्यावर वाढेल.

सौद्याच्या वेळीच ठरवा: रेट फिक्स आहे की तिकडच्या विक्रीवर. फिक्स असेल तर पॅकहाऊसमध्ये माल पास झाल्यावरचा धोका त्याचा, तसं चिठ्ठीत लिहा (प्रश्न ६). विक्रीवर असेल तर किमान किती मिळणार तो आकडा लिहा. फिक्स म्हणून घ्यायचं आणि तोट्यात मात्र आपल्याला भागीदार करायचं, हे नको.

११. सौदा झाला, इसार दिला, आता मार्केट पडलं म्हणून रेट तोडतोय. काय करू?

इसार मोठा ठेवायचा तो ह्याच्यासाठीच. हजार-दोन हजारावर तो सौदा सोडून देतो, लाखभर गुंतले की दहादा विचार करतो. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा रेट तुटले ते समजण्यासारखं होतं, बाजारच बंद होते, आणि त्यात जे व्यापारी फोन उचलून खरं बोलले त्यांच्याबरोबर आम्ही आजही काम करतो. पण दरवर्षी अर्धी बाग खुडून झाल्यावर "मार्केट डाऊन" म्हणणारा सवयीचा आहे. उरलेली अर्धी बाग एकट्या-दुकट्या बांधावर विकणं अवघड असतं हे त्याला माहिती असतं.

१२. आपण त्यांना तपासतो, ते आपल्याला काय तपासतात?

बरं झालं कोणीतरी विचारलं. आपण काय फार साधे नाही. ३५ ला सौदा करून दुसरा ३८ म्हणाला की आपण माल फिरवतो. वरच्या थराला चांगले घड आणि खाली बारीक. खुड्याच्या आदल्या दिवशी पाणी सोडायचं. फवारणीची तारीख चुकीची सांगायची, मग रेसिड्यूला (मालात उरलेल्या औषधाच्या अंशाला) माल फेल झाला की लॅबला शिव्या. व्यापाऱ्यांच्या पण वह्या असतात, त्यात आपली नावं असतात, आणि ज्याचं नाव खराब त्याला चांगला व्यापारी येतच नाही, मग उरतो तो ४२ वाला (प्रश्न ३). फवारणीची वही खरी ठेवा, काढणीपूर्व अंतर (शेवटची फवारणी ते खुडा एवढे दिवस) पाळा, चार-पाच वर्षांचे रिपोर्ट फाइलला लावा. रेटसाठी घासाघीस करताना तीच फाइल कामाला येते.

१३. शेतकरी कंपनीला माल दिला तर टेन्शन नाही ना?

कमी आहे, संपलेलं नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारखं उभं केलेलं काम आपल्यासमोर आहे, पण बोर्डावर "फार्मर प्रोड्यूसर कंपनी" लिहिलं म्हणून सगळ्या तशा होत नाहीत. कंपनी दरवर्षीचे हिशोब सरकारकडे भरते का, सभा होते का, सभासदाला अकाउंट सेल दाखवतात का, आणि संचालकाच्या बागेचे पैसे तुमच्या आधी निघतात का, हे विचारा. शेवटचा प्रश्न सभेत मोठ्याने विचारा.

१४. तीन दिवसांत पैसे देण्याचा केंद्राचा कायदा आहे ना?

होता. २०२० च्या तीन कृषी कायद्यांतल्या एकात तसं होतं, ते तिन्ही २०२१ मध्ये रद्द झाले. अजून ते फॉरवर्ड फिरतंय.

१५. बुडव्या व्यापाऱ्याचं नाव-फोटो ग्रुपवर टाकू का?

राग समजतो, पण "चोर", "फ्रॉड" असं लिहून फोटो टाकला तर तो उलटी बदनामीची केस करतो, झालंय असं. घडलेलं तेवढंच सांगा: अमुक तारखेला एवढा माल दिला, एवढे येणं बाकी आहे, चेक परत आला. तेही कागद हातात असेल तरच. गावच्या वहीत (प्रश्न ३) लिहिणं सगळ्यात बरं, ती वाचणारे नेमके तेच असतात ज्यांना वाचायची गरज आहे.

१६. बारा वर्षांचा जुना व्यापारी, यंदा पहिल्यांदाच पैसे लटकले. लगेच नोटीस देऊ?

चेक असेल तर नोटिशीची मुदत सोडू नका, ते प्रश्न ७ मध्ये आहे, नोटीस दिली म्हणजे नातं तुटलं असं नाही. बाकी आधी त्याच्या घरी जा. फोन नको, घरी. घरचे चहा ठेवतात का, तो समोर येतो का, किती कोणाचं देणं आहे ते स्वतःहून सांगतो का बघा. जो अडचणीत आहे तो आकडे सांगतो, हप्ते मागतो. जो बुडवणार आहे तो पुढच्या सोमवारचं सांगतो. हप्ते ठरले तर लिहून, सही घेऊन, आणि पहिला हप्ता छोटा का होईना त्याच आठवड्यात. तो आला नाही तर पुढचं बोलणं वकिलासमोर.

१७. व्यापारी सख्खा मेहुणा आहे. त्याच्याकडे चिठ्ठी कशी मागू?

बहिणीसमोर मागा. तीच सही करायला लावेल.